दोन बोटांचे वीस टक्के

कायद्यात बोटांचे भाव लिहिलेले आहेत. तर्जनी अख्खी गेली तर 14 टक्के. मधलं बोट 12. अनामिका किंवा करंगळी, प्रत्येकी 7. अंगठा सगळ्यात महाग, 30, आणि तळहातातल्या हाडासकट गेला तर 40. नुसतं टोक उडालं आणि हाड शाबूत राहिलं, तर तर्जनीचे 5, करंगळीचे 2. कमाईची क्षमता किती टक्के गेली, ते मोजायचा हा तक्ता. उजवा हात, डावा हात असा भेद त्यात नाही.

माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलंय. बेडवर पडल्या पडल्या डाव्या हातानं मोबाइलवर हा तक्ता शोधला आणि बेरीज केली, 14 अधिक 12, म्हणजे 26. मग वर सरकवल्यावर वेगळी ओळ दिसली: एका हाताची दोन बोटं, 20. कोणती दोन ते लिहिलेलं नाही. म्हणजे सुटी सुटी घेतली तर 26 आणि जोडीनं घेतली तर 20. मॉलमधल्या ऑफरसारखं. करंगळी आणि अनामिका गेलेल्याला उलट फायदा होतो, 14 च्या जागी 20. शेजारच्या बेडवर तसा एक जण होता. ओडिशाचा, माझ्याच वयाचा. त्याला हे सांगितल्यावर तो खूप हसला. त्या वॉर्डात आम्ही बऱ्याचदा हसायचो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे माझं निम्मं लहानपण आजीजवळ आणि निम्मं कारखान्याच्या कोपीवर गेलं. आयटीआय फिटर केलं. 2021 साली भोसरीत मित्राच्या रूमवर आलो आणि चौथ्या दिवशी कामाला लागलो. आठ बाय दहाच्या खोलीत पाच जण. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण हा पट्टा तुम्ही हायवेवरून पाहिला असेल तर मोठ्या कंपन्यांच्या पाट्या दिसल्या असतील. आम्ही त्या पाट्यांच्या मागच्या गल्ल्यांत काम करतो. मोठी कंपनी गाडी बनवते, तिचा व्हेंडर सीटची फ्रेम, त्या व्हेंडरचा व्हेंडर फ्रेमला लागणारी पट्टी. पट्टी जिथं बनते ते पत्र्याचं शेड, चार-सहा प्रेस, एक कंप्रेसर, एक पंखा. तुमच्या बाइकच्या सीटखाली हात घातलात तर अशी एखादी पट्टी हाताला लागेल. कदाचित मी मारलेली असेल.

मारलेली म्हणजे प्रेसवर मारलेली. पॉवर प्रेस ही तशी साधी मशिन आहे. एका बाजूला मोठं फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायाखाली पॅडल. पॅडल दाबलं की क्लच फ्लायव्हीलला क्रँकशी जोडतो, रॅम खाली येतो, पंच डायवर आदळतो, पत्रा कापला किंवा वाकवला जातो, रॅम वर जाऊन थांबतो. एक स्ट्रोक, एक जॉब. मग डाव्या हातानं झालेला जॉब काढायचा, उजव्यानं नवा पत्रा ठेवायचा, पुन्हा पॅडल. बारा तासांच्या शिफ्टला साडेतीन हजारांचं टार्गेट. म्हणजे हात साडेतीन हजार वेळा आत जातो आणि साडेतीन हजार वेळा बाहेर येतो. पहिले दोन दिवस भीती वाटते. तिसऱ्या दिवसापासून हात आणि पाय आपापसात ठरवून घेतात आणि डोकं गावाकडं निघून जातं.

जुन्या प्रेसना चावीचा क्लच असतो. त्याचं वैशिष्ट्य असं, की एकदा चावी लागली की फेरा पूर्ण होतो. मधे थांबवता येत नाही, वीज बंद केली तरी नाही, कारण फ्लायव्हीलमध्ये जोर साठलेला असतो. त्यामुळं अशा प्रेसला नवीन प्रेससारखा उजेडाचा सेन्सर लावूनही उपयोग नाही. सेन्सरला हात दिसेल, पण थांबवणार काय? एअर क्लचवाल्या प्रेसवर सेन्सर चालतो, रॅम अर्ध्यात थांबतो. त्या महाग. आणि चावीच्या क्लचचा दुसरा गुण म्हणजे चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली की पॅडल एकदा दाबूनही रॅम दोनदा येतो. आमच्याकडं याला 'डबल मारणं' म्हणतात. पहिल्यांदा तुम्ही बोलावलेला असतो, दुसऱ्यांदा तो आपणहून येतो. तोपर्यंत तुमचा हात जॉब काढायला आत गेलेला असतो.

आमची तीन नंबरची प्रेस सोमवारपासून डबल मारत होती. सेटरला मी सांगितलं, त्यानं सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझर म्हणाला शनिवारी माल गेला की बघू. बुधवारी रात्री पावणेदोनला ती दोनदा आली. बाकीचं लिहीत नाही. दुखत नाही त्या क्षणी, एवढंच सांगतो. हातमोजा पाहिल्यावर कळतं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, कारण ती तेव्हा तिथं कुणालाच माहीत नव्हती. माझी बोटं कुणीतरी चहाच्या टपरीवरच्या पिशवीत थेट बर्फात टाकून आणली. भावना चांगली होती. पण तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचा, कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फ थेट लागला की मांस जळतं. बोटात स्नायू नसतात, म्हणून नीट थंड ठेवलेलं बोट हातापेक्षा जास्त तास तग धरतं आणि सर्जनला वेळ मिळतो. अर्थात माझ्या बाबतीत त्याचाही उपयोग नव्हता. डॉक्टरांनी पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाले, "कापलं असतं तर प्रयत्न केला असता रे, हे चेंगरलंय." कापणं आणि चेंगरणं यात एवढा फरक असतो हे मला तिथं कळलं. प्रेस दोन्ही करते, डाय कोणती लावली आहे त्यावर अवलंबून.

सकाळी अकराला ठेकेदाराचा माणूस आला. हातात सफरचंदं आणि कागद. कागदावर लिहिलं होतं की कामगाराच्या निष्काळजीपणामुळं, सुरक्षेचं गार्ड काढून काम केल्यामुळं अपघात झाला. उजवा हात बँडेजमध्ये होता, म्हणून तो डाव्या अंगठ्याचा ठसा मागत होता. शाईचं पॅडही आणलं होतं त्यानं, म्हणजे तयारी बघा. मी अंगठा दिला नाही. शूरपणा म्हणून नाही, मला ग्लानी होती आणि वाचता येत नव्हतं. न वाचता सही करायची नाही हे आजीनं शिकवलेलं. तिच्या अंगठ्यावर एक एकर गेला होता.

त्या वाक्यात गार्ड का घातलं होतं ते मला खूप पुढं कळलं. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा असं म्हणतो की कामावर असताना कामामुळं इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, चूक कुणाची ते विचारायचं नाही. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा, इंग्रजांचा, आणि तरी एवढा सरळ. पण त्याला तीन अपवाद आहेत. कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असेल, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश त्यानं मुद्दाम मोडला असेल, किंवा गार्ड मुद्दाम काढलं असेल आणि त्यामुळंच इजा झाली असेल, तर भरपाई नाकारता येते. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे अपवादही चालत नाहीत. दोन बोटांना मात्र चालतात. म्हणजे सफरचंदवाल्या माणसाला कायदा माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. आमच्या प्रेसला मी आल्यापासून गार्ड नव्हतंच, ही गोष्ट वेगळी. नसलेलं गार्ड काढायचं कसं?

हे सगळं मला समजावून सांगितलं ते पिंपरीतल्या एका जुन्या युनियनच्या काकांनी. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, दर मंगळवारी वॉर्डात चक्कर मारायचे, येताना पारले-जी आणायचे. त्यांची पहिली ओळ ठरलेली: "इएसआयचा नंबर आहे का?" माझ्याकडं नव्हता. चार महिने पगारातून 90 रुपये कापले जात होते, पण स्लिप नव्हती, कार्ड नव्हतं. इएसआयचा हिशेब असा की पगाराच्या पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के मालकाचा. माझ्या 12,000 वर 90 आणि 390. माझे 90 कुठं जात होते देव जाणे, ठेकेदाराचे 390 तर निघालेच नव्हते. अपघाताच्या दिवशी दुपारी माझा नंबर निघाला. कामावर लागल्याची तारीख, त्याच दिवसाची. काकांनी ते ऑनलाइन पाहिलं आणि म्हणाले, "हे बघ, तू पहाटे पावणेदोनला जखमी झालास आणि त्याच दिवशी दुपारी कामाला लागलास." त्या वॉर्डात असे बरेच जण होते. आम्ही एकमेकांना 'फ्रेशर' म्हणायचो.

पण इथं कायदा कामगाराच्या बाजूनं उभा राहतो, आणि हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं आहे. आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या अपघातासाठी लागत नाही. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला हात गेला तरी उपचार आणि पैसे मिळतात. काम करता येत नाही तितके दिवस सरासरी पगाराच्या 90 टक्के. त्या काळात मालकाला कामावरून काढताही येत नाही. आणि ठेकेदारानं वर्गणी भरली नाही तर ज्याच्या शेडमध्ये तुम्ही काम करता तो मूळ मालक जबाबदार. ठेकेदाराचा माणूस होता, आमचा नव्हे, हे वाक्य तुम्ही कितीदाही ऐकलं तरी कायद्यात त्याला किंमत नाही.

माझं भांडण शेवटी बोटांवर नव्हतं, पगारावर होतं. अपघाताच्या फॉर्मवर, ज्याला सगळे बारा नंबरचा फॉर्म म्हणतात, माझा पगार 9,000 लिहिला होता. आता ढोबळ हिशेब करा. 9,000 म्हणजे रोजचे 300, त्याचे 90 टक्के 270, त्याचे 20 टक्के 54. मरेपर्यंत रोज 54 रुपये. आणि खरा पगार 12,000 धरला तर रोज 72. फरक 18 रुपयांचा, एक वडापाव. ठेकेदार म्हणाला, एवढ्यासाठी कशाला कटकट करतो? मी 22 वर्षांचा होतो. वर्षाला साडेसहा हजार होतात त्या वडापावचे, आणि मला पन्नास वर्षं जगायचंय.

पुरावा काय, तर बँकेचे मेसेज. एका महिन्याचा पगार रोख होता, पण तीन महिन्यांचा ठेकेदारानं खात्यावर टाकला होता. बारा, बारा आणि अकरा हजार आठशे. मी फोन बदलला नव्हता आणि मेसेज पुसले नव्हते. माझ्या सगळ्या केसमधला सगळ्यात भक्कम साक्षीदार हा सहा हजारांचा, काचेला तडा गेलेला मोबाइल निघाला. त्या स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून काकांनी अर्ज केला, मग दुसरा अर्ज, मग तिसरा. ऑफिसात एकदा साहेब रजेवर, एकदा सर्व्हर बंद, एकदा "डाव्या हाताची सही जुळत नाही". जुळणार कशी? उजव्या हाताची सही करणारी बोटं मी तुमच्याकडंच तर दाखवायला आलोय, असं तोंडावर आलं होतं. काकांनी पाय दाबला. चौदा महिन्यांनी आकडा दुरुस्त झाला.

ज्यांना इएसआय लागूच नाही, त्यांच्यासाठी 1923 चाच रस्ता. तो एकरकमी आहे. पगाराच्या 60 टक्के, गुणिले वयानुसार एक आकडा, गुणिले तक्त्यातले टक्के. पूर्ण 22 वर्षांच्या माणसाचा आकडा 221.37. माझ्या पगारावर 7,200 गुणिले 221.37, त्याचे 20 टक्के, म्हणजे 3,18,772 रुपये. दावा दोन वर्षांच्या आत करायचा, आणि मालकानं महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. दोन्हीकडून घेता येत नाही, इएसआय असेल तर इएसआयच. वॉर्डात आमच्या यावर पैजा लागायच्या. एकरकमी बरी की पेन्शन? ओडिशावाला म्हणायचा, तीन लाख मिळाले तर गावी ऑटो घेईन. मी म्हणायचो, बारा वर्षांत पेन्शनचे तेवढे होतात आणि पुढचं वर. तो म्हणायचा, बारा वर्षं कोणी पाहिलीत? मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. 2020 साली संसदेनं हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत ओतले, त्यामुळं कलमांचे आकडे बदललेत. बोटांची किंमत मात्र तशी फार बदललेली नाही.

त्याच वॉर्डात एका मुलाचा हात कमरेला शिवलेला होता. हाताच्या पाठीवरची कातडी पूर्ण गेली की जांघेजवळची कातडी तिथं लावतात, पण ती रक्त धरेपर्यंत मूळ जागेपासून तोडत नाहीत. तीन आठवडे हात तिथंच. झोपायचं तसंच, जेवायचं तसंच. खिशात हात घातलेल्या हिरोसारखा दिसायचा. दिल्लीजवळच्या गुरुग्राम-मानेसर भागात अशाच जखमी कामगारांसोबत काम करणारी सेफ इन इंडिया नावाची संस्था आहे, ती 2019 पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यातही प्रेस मशिनच पुढं. वाचताना वाटलं की आमच्याच वॉर्डाचं हजेरीपुस्तक कुणीतरी छापलंय, फक्त गावं वेगळी.

बाकी आयुष्य चाललंय. आता मी एका वेअरहाऊसमध्ये स्टॉकचं काम करतो. बायोमेट्रिक मशिनवर आधी तर्जनीची नोंद करायला सांगितलं, मी हात वर केला, एचआरची मुलगी इतकी ओशाळली की मलाच वाईट वाटलं. अंगठा चालतो. भाकरी मोडता येते, पण कालवण आणि भाकरी एकत्र उचलायला तर्जनी लागते, तो घास अजून नीट बसत नाही. शर्टाचं वरचं बटण डाव्या हातानं. थंडीत नसलेलं बोट खाजतं, आणि खाजवायला जावं तर तिथं काही नसतं. डॉक्टर म्हणतात मेंदूकडं जुना नकाशा आहे. लग्नाचं एक स्थळ आलं होतं, मुलीच्या मामांनी चहा घेताना हात पाहिला आणि विचारलं, "जन्मतः का?" आईनं घाईघाईनं सांगितलं, नाही नाही, कंपनीत. जणू कंपनीत गेलेली बोटं जास्त इज्जतदार.

गावात मात्र कुणी विचारत नाही. आमच्याकडं अशी बोटं नवी नाहीत. शेजारच्या दादाचा हात कडबाकुट्टीत गेला, दुसऱ्या एकाचा मळणी यंत्रात. धान्य मळायच्या यंत्रांसाठी 1983 चा वेगळा केंद्रीय कायदा आहे, यंत्र कसं असावं आणि इजा झाली तर काय, हे सगळं त्यात आहे. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, मशिन चुलत्याची होती, चुलत्यावर केस करू का? खंडेनवमीला त्याच कडबाकुट्टीला तो झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो, उरलेल्या हातानं नारळ फोडतो. मी भोसरीतही तसंच पाहिलं होतं. माझ्या अपघाताच्या महिनाभर आधी तीन नंबरच्या प्रेसला आम्ही धुऊन पुसून हार घातला होता. त्या दिवशी ग्रीसिंगही झालं होतं. चावी कुणी उघडून पाहिली नाही.

गेल्या महिन्यात मामाचा मुलगा चाकणला लागला. एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला, प्रेसवर हेल्पर. मामीनं मला फोन केला, म्हणाली तू सांग ना त्याला नीट काम कर म्हणून. मी त्यालाच फोन लावला. इएसआयचा नंबर मिळाला का? तो म्हणाला, नाही दादा, कागद घेतलेत, महिन्यानं देणार म्हणे. पगार रोख की खात्यावर? खात्यावर. बरंय. मेसेज पुसू नकोस. प्रेसला पॅडल आहे का बटणं? तो म्हणाला, बटणं आहेत, दोन, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय चालत नाही. मला जरा हायसं वाटलं. दोन्ही हात बटणांवर असले की आत जायला हात उरत नाही, एवढी साधी युक्ती आहे ती.

मग तो म्हणाला, "पण दादा, एका बटणावर टेप मारलीय. एकानंच चालतं. जॉब जास्त निघतात."

कोणी मारली?

"माहीत नाही. मी आलो तेव्हापासून आहे."

मी त्याला टेपेचा फोटो काढून पाठवायला सांगितला. फोन आत न्यायला बंदी आहे म्हणाला. रविवारी त्याच्या रूमवर जाणार आहे. युनियनचे काका पण येतो म्हणालेत, त्यांना चाकणची बस सोसत नाही, म्हणून बाइकवर घेऊन जाईन. ब्रेक उरलेल्या दोन बोटांनी नीट दाबला जातो.